कॅन्सस सिटी चीफ्सच्या आक्रमण फळीची पुनर्बांधणी (२०२१)

कॅन्सस सिटी चीफ्स हा अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल, या व्यावसायिक स्पर्धेतील एक संघ आहे. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२१ या काळात, म्हणजे दोन हंगामांच्या मधल्या ऑफ-सीझनमध्ये, या संघाने आपली आक्रमण फळी (ऑफेन्सिव्ह लाइन) जवळजवळ मुळापासून नव्याने उभी केली. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेल्या ५५ व्या सुपर बोल सामन्यात टॅम्पा बे बकनीयर्सने चीफ्सचा ३१-९ असा पराभव केला. या पराभवात संघाची फळी पूर्णपणे कोलमडली होती. त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी, १२ सप्टेंबर २०२१ रोजी चीफ्स नव्या हंगामातील पहिला सामना खेळण्यास उतरले, तेव्हा फळीतील पाचही जागांवर वेगळे खेळाडू होते. त्या पाचांपैकी तिघे एनएफएलमधील आपला पहिलाच सामना खेळत होते. कमी काळात आणि मर्यादित पैशात फळी नव्याने कशी उभारावी, याचे उदाहरण म्हणून या पुनर्बांधणीचा उल्लेख वारंवार होतो.

या लेखात ‘फुटबॉल’ हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. महाराष्ट्रात व गोव्यात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा.

आक्रमण फळीचे स्वरूप

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू पळवत नेता येतो किंवा फेकून सहकाऱ्याकडे देता येतो. फेकण्याचे काम मुख्यतः क्वार्टरबॅक करतो. त्याच्यापुढे चेंडूच्या रेषेवर पाच धिप्पाड खेळाडू ओळीने उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि कडेचे दोन टॅकल अशी त्यांची नावे आहेत. (‘टॅकल’ हे येथे जागेचे नाव आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडण्याच्या क्रियेलाही हाच शब्द वापरला जात असल्याने नव्या वाचकाचा गोंधळ होतो.) या पाचांना सामान्यतः पुढे फेकलेला चेंडू झेलता येत नाही, आणि चेंडू त्यांच्या हाती येण्याचा प्रसंग क्वचितच येतो. समोरून धावून येणाऱ्या बचावपटूंना अडवून धरणे, म्हणजे ब्लॉक करणे, हेच त्यांचे काम असते.

सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो. या क्रियेला स्नॅप म्हणतात आणि तिथून प्रत्येक चाल सुरू होते. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी साधारणपणे अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढा वेळ फळी टिकली, तर दूरवर पळालेले सहकारी मोकळे होतात. ती टिकली नाही, तर क्वार्टरबॅक चेंडूसह खाली पाडला जातो, त्याला सॅक म्हणतात. क्वार्टरबॅक पडला नाही, तरी धडकेच्या भीतीने घाईघाईत चेंडू सोडतो. या दुसऱ्या प्रकारास ‘दबाव’ म्हणतात. सॅकपेक्षा तो कितीतरी अधिक वेळा येतो, आणि फळीची खरी परीक्षा त्यातूनच होते.

उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ फेकताना डावीकडे वळलेली असते, त्यामुळे त्या बाजूने येणारा प्रतिस्पर्धी त्याला दिसत नाही. म्हणूनच डावा टॅकल हा पाचांमध्ये सहसा सर्वांत महागडा खेळाडू असतो. सेंटर हा फळीचा म्होरक्या मानला जातो. समोरच्या बचावाची मांडणी पाहून कोणी कोणाला अडवायचे, हे तो स्नॅपपूर्वीच्या काही क्षणांत सांगतो.

फळीचे बळ पाच खेळाडूंच्या ताकदीची बेरीज करून मोजता येत नाही. मराठी वाचकाला कबड्डीतील साखळीवरून याची थोडीफार कल्पना येईल. चढाईपटूला घेरताना एकाने हात सोडला, तर बाकीच्यांची पकड कितीही घट्ट असली तरी तो निसटतो. फुटबॉलमध्ये बचावपटू अनेकदा मुद्दाम आपापसांत वाटा बदलतात. गार्डसमोरचा खेळाडू बाहेर पळतो आणि टॅकलसमोरचा आत घुसतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकल यांनी आपापले प्रतिस्पर्धी एकमेकांच्या हवाली करायचे असतात. शब्द उच्चारायलाही वेळ नसतो. शेजाऱ्याच्या खांद्याची हालचाल पाहूनच हे कळावे लागते, आणि ही समज एकत्र खेळूनच येते. संपूर्ण फळी एकदम बदलणे धोक्याचे मानले जाते ते यामुळेच.

पार्श्वभूमी

२ फेब्रुवारी २०२० रोजी चीफ्सने ५४ व्या सुपर बोलमध्ये सान फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला ३१-२० असे हरवले. संघाचे हे पन्नास वर्षांतील पहिले विजेतेपद होते. डावा टॅकल एरिक फिशर आणि उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ हे त्या फळीचे दोन आधारस्तंभ होते. फिशर हा २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू होता. श्वार्ट्झने कारकिर्दीच्या आरंभापासून सलग साडेसात हजारांहून अधिक चालींमध्ये एकदाही मैदान सोडले नव्हते.

पुढच्या हंगामात ही फळी एकेका सांध्याने निखळत गेली. उजवा गार्ड लोरां डुव्हर्ने-टार्डिफ हा मॅकगिल विद्यापीठाचा वैद्यकशास्त्राचा पदवीधर होता. करोनाची साथ सुरू होताच त्याने २०२० चा हंगाम न खेळता कॅनडातील क्वेबेक प्रांतात वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करण्याचा निर्णय घेतला. साथीमुळे माघार घेणारा तो एनएफएलमधील पहिला खेळाडू होता. त्याच वर्षी ड्राफ्टमधून आलेला तरुण टॅकल लुकस नियांग यानेही माघार घेतली. बाहेरून आणलेला गार्ड केलेची ओसेमेली पाचव्या सामन्यात दोन्ही गुडघे दुखावून बाहेर गेला. त्यापुढच्याच सामन्यात श्वार्ट्झची पाठ दुखावली आणि त्यानंतर तो कधीच मैदानात उतरला नाही.

तरीही चीफ्स जिंकत राहिले. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या चपळाईने फळीतील उणिवा झाकल्या जात होत्या. २४ जानेवारी २०२१ रोजी बफेलो बिल्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात फिशरच्या टाचेवरील स्नायुबंध, ज्याला अकिलीस टेंडन म्हणतात, तुटला. चीफ्सने तो सामना जिंकला, परंतु या एका दुखापतीने तीन जागा हलल्या. उजवा टॅकल माइक रेमर्स डावीकडे गेला, गार्ड म्हणून खेळणारा अँड्रू वायली उजवा टॅकल झाला आणि वायलीच्या जागी राखीव खेळाडू स्टेफन विस्निएव्स्की आला. डावा गार्ड निक अलेग्रेटी आणि सेंटर ऑस्टिन रायटर हे दोघेच आपल्या जागी राहिले. अशी जोडलेली फळी घेऊन संघ अंतिम सामन्यास गेला.

टॅम्पाचे बचाव प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी नेमके हेच हेरले. फळी दुबळी असली की जास्त खेळाडू पुढे घुसवण्याचा मोह प्रशिक्षकाला होतो. बोल्स यांनी तो आवरला. बहुतेक चालींत त्यांनी फक्त चौघांना पुढे पाठवले आणि उरलेल्या सात जणांना मागे ठेवून चीफ्सच्या वेगवान खेळाडूंच्या वाटा बंद केल्या. चौघेच पाचांना भारी पडत होते. महोम्स चेंडू फेकण्यासाठी ५६ वेळा मागे सरकला आणि त्यांपैकी २९ वेळा त्याच्यावर दबाव आला. सुपर बोलच्या इतिहासात एवढा दबाव कोणत्याही क्वार्टरबॅकवर आला नव्हता. चेंडू सोडण्यापूर्वी किंवा पाडला जाण्यापूर्वी तो त्या सामन्यात एकूण ४९७ यार्ड, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर, नुसता जीव वाचवत पळाला, तेही पायाचा अंगठा दुखावलेला असताना. चौथ्या सत्रात शरीर जमिनीला जवळजवळ समांतर असताना त्याने फेकलेला चेंडू थेट सहकाऱ्यापर्यंत पोहोचला, परंतु त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळून खाली पडला. चीफ्सला त्या सामन्यात एकही टचडाउन करता आला नाही. तीन दिवसांनी महोम्सच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली.

महोम्सने जुलै २०२० मध्ये दहा वर्षांच्या मुदतवाढीचा करार केला होता, ज्याचे कमाल मूल्य ५० कोटी ३० लाख डॉलर होते. एवढ्या किमतीचा खेळाडू उघड्यावर ठेवणे संघाला परवडणारे नव्हते.

जुन्या खेळाडूंची मुक्तता आणि वेतनमर्यादा

११ मार्च २०२१ रोजी चीफ्सने फिशर आणि श्वार्ट्झ या दोघांनाही एकाच दिवशी करारमुक्त केले. दोघेही जायबंदी होते. वर्षभरापूर्वी त्यांच्याच आधारावर संघ विजेता ठरला होता, हे ध्यानात घेतले तर हा निर्णय कठोर वाटतो. पण या व्यवसायाची रीत अशीच आहे. एनएफएलच्या करारातील मोठा भाग हमीचा नसतो, त्यामुळे दुखापतीचा भार अखेरीस बहुतांशी खेळाडूवरच पडतो. फिशर पुढे इंडियानापोलिस कोल्ट्सकडून खेळला. श्वार्ट्झने २०२२ मध्ये निवृत्ती जाहीर केली.

या निर्णयामागे वेतनमर्यादा होती. प्रत्येक संघाने खेळाडूंवर एका हंगामात किती खर्च करावा, याची कमाल रक्कम एनएफएल दरवर्षी ठरवते आणि ती ओलांडता येत नाही. एरवी ही रक्कम दरवर्षी वाढत जाते. परंतु साथीमुळे प्रेक्षागृहे रिकामी राहिली, उत्पन्न घटले आणि २०२१ साठी मर्यादा १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर आली. फळी विकत घेण्याची गरज नेमकी निर्माण झाली तेव्हाच हात आखडले गेले. दोन टॅकल मुक्त केल्यामुळे सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरची सोय झाली. महोम्सच्या कराराचीही फेरमांडणी करण्यात आली. त्याला त्या वर्षी द्यायच्या रकमेचा मोठा भाग करारपूर्तीच्या बोनसमध्ये बदलला की हिशेबात तो पुढील वर्षांवर विभागून दाखवता येतो. खेळाडूच्या हाती पैसे तेवढेच येतात, संघाला मात्र चालू वर्षात जागा मिळते. या मार्गाने आणखी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर मोकळे झाले. अर्थात हे एक प्रकारचे कर्जच असते, आणि पुढच्या वर्षांच्या हिशेबात ते उभे राहते.

खुल्या बाजारातील करार

करार संपलेले खेळाडू मार्चच्या मध्यास खुल्या बाजारात येतात. चीफ्सचे महाव्यवस्थापक ब्रेट व्हीच यांनी सर्वप्रथम न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा डावा गार्ड जो थूनी याच्याशी पाच वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार केला. एका गार्डसाठी ही रक्कम त्या वेळी फार मोठी समजली गेली. थूनी पेट्रियट्सकडून पाच हंगामांत एकही साखळी सामना चुकला नव्हता आणि दोन सुपर बोल जिंकलेल्या संघांत होता. ज्या संघाची फळी नुकतीच दुखापतींनी मोडली होती, त्याने दरवेळी उभा राहणारा माणूस आधी शोधावा, यात नवल नव्हते.

डाव्या टॅकलच्या जागेसाठी सान फ्रान्सिस्कोच्या ट्रेंट विल्यम्सलाही वळवण्याचा प्रयत्न झाला, परंतु त्याने सहा वर्षांचा नवा करार करून तेथेच राहणे पसंत केले. निवृत्तीतून परतलेला गार्ड काइल लाँग आणि सेंटर ऑस्टिन ब्लाइथ हे दोघे एकेक वर्षाच्या करारावर आले. लाँगचा पाय जूनमधील सरावातच दुखावला आणि तो चीफ्सकडून एकही सामना खेळू शकला नाही. अशा पुनर्बांधणीत काही खरेदी वाया जाणार, हे गृहीत धरूनच संघ एका जागेसाठी दोन-तीन उमेदवार जमवतात.

ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर

एप्रिल उजाडला तरी डाव्या टॅकलची जागा रिकामीच होती. ड्राफ्टमध्ये चीफ्सची पहिली निवड ३१ व्या क्रमांकावर होती. उत्तम डावे टॅकल तोपर्यंत सहसा उरत नाहीत. ड्राफ्टच्या सहा दिवस आधी, २३ एप्रिल रोजी, व्हीच यांनी बाल्टिमोर रेव्हन्सशी सौदा केला. चीफ्सने २०२१ मधील पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या फेरीच्या आणि २०२२ मधील पाचव्या फेरीच्या निवडीचा हक्क दिला. बदल्यात त्यांना ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर, २०२१ मधील दुसऱ्या फेरीचा व २०२२ मधील सहाव्या फेरीचा एकेक हक्क मिळाला.

ब्राउन हा सहा फूट आठ इंच उंचीचा खेळाडू बाल्टिमोरचा उजवा टॅकल होता. २०२० मध्ये तेथील डावा टॅकल जखमी झाल्यावर त्याने ती जागा सांभाळली आणि नंतर पुन्हा उजवीकडे जाण्यास नकार दिला. ब्राउनचे वडील ऑर्लँडो ब्राउन हेही एनएफएलमधील उजवे टॅकल होते. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण डावा टॅकल व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि तसे वचन आपण त्यांना दिले होते, असे तो सांगत असे. डाव्या टॅकलला मिळणारे अधिक वेतन हाही त्यातला एक व्यवहारी भाग होता. बाल्टिमोरला त्याची मागणी पूर्ण करता येईना, आणि कॅन्सस सिटीला नेमका तोच खेळाडू हवा होता.

या सौद्यात मिळालेल्या दुसऱ्या फेरीच्या हक्कातून चीफ्सने निक बोल्टन हा बचावपटू निवडला. दोन वर्षांनी सुपर बोलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून टचडाउन करणारा बोल्टन तो हाच.

ड्राफ्टमधील निवडी

या पुनर्बांधणीतला सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत टिकाऊ भाग ड्राफ्टमधून आला. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचे चार वर्षांचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असते. म्हणून उशिरा निवडलेला चांगला खेळाडू संघाला फार मोठी बचत करून देतो.

दुसऱ्या फेरीत ६३ व्या क्रमांकावर ओक्लाहोमा विद्यापीठाचा सेंटर क्रीड हम्फ्री निवडला गेला. तो डावखुरा असून स्नॅपही डाव्या हाताने देतो, जे एनएफएलमध्ये दुर्मीळ आहे. डाव्या हाताने दिलेला चेंडू वेगळ्या दिशेने फिरत येतो, त्यामुळे महोम्सलाही त्याची सवय करून घ्यावी लागली.

सहाव्या फेरीत २२६ व्या क्रमांकावर टेनेसी विद्यापीठाचा गार्ड ट्रे स्मिथ मिळाला. शालेय वयात देशातील सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेलेला स्मिथ एवढा मागे का राहिला, याचे कारण वैद्यकीय होते. २०१८ मध्ये त्याच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या होत्या. अशा रुग्णास रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागतात, आणि ती चालू असताना धडकांचा खेळ खेळणे धोक्याचे असते. उपचार व सरावाचे वेळापत्रक जुळवून तो महाविद्यालयात पुन्हा खेळू लागला होता, तरी अनेक संघांच्या डॉक्टरांना भीती वाटत होती. चीफ्सने धोका पत्करला, परंतु सहाव्या फेरीत, जिथे निवड फसली तरी फारसे नुकसान झाले नसते. शौर्याइतकाच हिशेबही त्या निर्णयात होता, हे नमूद करायला हवे.

सराव आणि जुळवणी

माणसे जमवणे मे महिन्यापर्यंत आटोपले. त्यांची फळी बनवणे हे काम निराळे होते आणि ते फळीचे प्रशिक्षक अँडी हेक यांच्याकडे होते. हेक स्वतः एनएफएलमध्ये टॅकल म्हणून खेळलेले आहेत. मुख्य प्रशिक्षक अँडी रीड हेही महाविद्यालयात आक्रमण फळीतच खेळत.

खेळाडू संघटना आणि एनएफएल यांच्यातील करारानुसार ऑफ-सीझनमधील सराव बहुतांशी ऐच्छिक असतो आणि त्यात अंगावर पूर्ण संरक्षक साहित्य चढवून धडका देण्यास मनाई असते. दुखापती टाळण्यासाठी हा नियम योग्यच आहे, पण त्याचा सर्वाधिक तोटा फळीला होतो. चेंडू झेलणारा खेळाडू जूनमध्येही झेलण्याचा खराखुरा सराव करू शकतो. दीडशे किलो वजनाच्या माणसाला छातीवर झेलून रोखण्याचा सराव मात्र धडकेशिवाय होत नाही. त्यामुळे वसंतात पावलांची ठेवण, हातांची जागा आणि सांकेतिक शब्द एवढेच शिकवले जाते. खरी परीक्षा जुलैअखेरच्या शिबिरात होते. चीफ्सचे शिबिर मिझुरी राज्यातील सेंट जोसेफ येथे भरते.

ब्राउनपुढची अडचण तांत्रिक होती. बाल्टिमोरचा संघ बहुतांशी चेंडू पळवत नेत असे, आणि तशा खेळात टॅकल पुढे झेपावून प्रतिस्पर्ध्याला ढकलतो. चीफ्सच्या पद्धतीत चेंडू सतत फेकला जातो, म्हणून टॅकलला मागे सरकत, तोल न जाऊ देता वाट अडवावी लागते. शिवाय महोम्स कधी कधी नेमून दिलेल्या जागेपेक्षा फार मागे जातो, त्यामुळे टॅकलने राखलेला कोनच निरुपयोगी ठरतो. ब्राउनला हे अंगवळणी पाडण्यास हंगामाचे पहिले काही आठवडे लागले.

शिबिराच्या अखेरीस स्मिथने उजव्या गार्डची जागा मिळवली. या जागेचा जुना मालक डुव्हर्ने-टार्डिफ वैद्यकीय सेवेतून परतला होता, परंतु ऑगस्टमध्ये त्याचा हात मोडला. त्याला पुन्हा जागा मिळाली नाही आणि नोव्हेंबरमध्ये तो न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवला गेला. उजव्या टॅकलच्या जागी नियांगची निवड झाली.

परिणाम

१२ सप्टेंबर २०२१ रोजी क्लीव्हलँड ब्राउन्सविरुद्ध ब्राउन, थूनी, हम्फ्री, स्मिथ आणि नियांग हे डावीकडून उजवीकडे उभे राहिले. चीफ्सने सामना ३३-२९ असा जिंकला, परंतु हंगामाची सुरुवात एकूण खराबच झाली. ऑक्टोबरअखेर टेनेसी टायटन्सकडून २७-३ असा पराभव झाला तेव्हा संघ तीन विजय व चार पराभव अशा स्थितीत होता. त्यानंतर संघाने सलग आठ सामने जिंकले आणि हंगाम १२-५ असा संपवला. थूनी, हम्फ्री आणि स्मिथ हे मधले तिघे सर्व १७ सामन्यांत आरंभापासून खेळले. महोम्स संपूर्ण साखळी फेरीत २८ वेळा सॅक झाला.

उजवी कड मात्र शेवटपर्यंत स्थिर झाली नाही. नियांग, रेमर्स आणि वायली असे तिघे आलटून पालटून तेथे खेळले. जानेवारी २०२२ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध नियांगच्या गुडघ्याची वाटी सांभाळणारा स्नायुबंध तुटला. त्याच महिन्याच्या अखेरीस उपांत्य सामन्यात याच बेंगल्सकडून चीफ्स जादा वेळेत २७-२४ असे हरले.

पुनर्बांधणीचे फळ दुसऱ्या वर्षी दिसले. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ग्लेंडेल येथे ५७ व्या सुपर बोलमध्ये चीफ्सची गाठ फिलाडेल्फिया ईगल्सशी पडली. ईगल्सच्या बचावाने त्या हंगामातील साखळी फेरीत ७० सॅक केले होते. अंतिम सामन्यात त्यांना एकही करता आला नाही. दुखऱ्या घोट्याने लंगडणाऱ्या महोम्सने संघाला ३८-३५ असा विजय मिळवून दिला. मैदानाचे गवत निसरडे होते आणि पळत येणाऱ्या बचावपटूंचे पाय घसरत होते, हे खरे. त्याचा लाभ फळीला झाला. तरी चौघांनी पाचांना चिरडले होते त्या टॅम्पाच्या रात्रीनंतर, दोन वर्षांनी, हा सामना झाला होता.

पुढील काळ

पाचांची ती फळी त्या विजयानंतर लगेचच फुटली. ब्राउनशी दीर्घ करार जुळला नव्हता. २०२२ चा हंगाम तो ‘फ्रँचायझी टॅग’ या तरतुदीखाली खेळला होता, जिच्यात संघ ठरावीक मोठी रक्कम देऊन खेळाडूला एका वर्षासाठी अडवून धरू शकतो. मार्च २०२३ मध्ये तो सिनसिनाटीकडे आणि वायली वॉशिंग्टनकडे गेला. मधले तिघे टिकून राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये चीफ्सने पुन्हा सुपर बोल जिंकला, तेव्हा थूनी जखमी होता आणि डाव्या गार्डच्या जागी टॅम्पाच्या त्या सामन्यात खेळलेला अलेग्रेटी उभा होता. सामन्यातच त्याच्या कोपराचा स्नायुबंध तुटला, तरी तो अखेरपर्यंत खेळला.

२०२४ च्या हंगामात डाव्या टॅकलचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नवोदित किंग्जली सुआमाताया, वान्या मॉरिस आणि अनुभवी डी. जे. हम्फ्रीज यांच्यापैकी कोणीही ती जागा सांभाळू न शकल्याने थूनीलाच गार्डवरून टॅकलवर हलवण्यात आले. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे ५९ व्या सुपर बोलमध्ये ईगल्सने चीफ्सला ४०-२२ असे हरवले. मध्यंतरास धावफलक २४-० होता आणि महोम्स सामन्यात सहा वेळा सॅक झाला. ईगल्सनीही बोल्स यांचीच वाट धरली होती. सबंध सामन्यात त्यांनी जादा खेळाडू पुढे पाठवलाच नाही.

पुढच्याच महिन्यात थूनी २०२६ मधील चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात शिकागो बेअर्सकडे गेला. सान फ्रान्सिस्कोचा राखीव टॅकल जेलन मूर दोन वर्षांच्या करारावर आला आणि सुआमातायाला डाव्या गार्डची जागा देण्याचे ठरले. हम्फ्रीने २०२४ मध्येच ७ कोटी २० लाख डॉलरचा चार वर्षांचा करार केला होता. २२६ व्या क्रमांकावर निवडलेल्या स्मिथने जुलै २०२५ मध्ये ९ कोटी ४० लाख डॉलरचा चार वर्षांचा करार केला, आणि तो एनएफएलमधील सर्वाधिक वेतन घेणारा गार्ड ठरला. एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये चीफ्सने आपला ३१ वा क्रमांक ईगल्सना देऊन ३२ वा घेतला आणि त्यावर ओहायो स्टेट विद्यापीठाचा डावा टॅकल जॉश सिमन्स निवडला. आदल्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला होता, म्हणूनच तो तेवढ्या उशिरापर्यंत शिल्लक होता.